आधी पायपीट, मग देणगी

सोलापूर, शनिवार

ती. ताईस,

तुझ्या समाजकार्याच्या वर्गासाठी इथे एक माणूस सापडला. जीवराज गौतमचंद दोशी. सोलापुरात दोशी म्हटलं की आधी वालचंद हिराचंद आठवतात, जहाजं आणि विमानं काढणारे. त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे. जीवराज त्या मानाने मागेच राहिले.

1940 साली या ब्रह्मचारी गृहस्थांच्या मनाने घेतलं, की न्यायाने मिळवलेला पैसा धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावायचा. पण नेमका कोणत्या? दुसरा कोणी असता तर नावाची पाटी लावून मोकळा झाला असता. हे देशभर हिंडले. जैन पंडितांना भेटून विचारलं, लेखी मतंही घेतली. मग 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथाला विद्वानांना बोलावून प्रश्न त्यांच्यापुढेच टाकला. बराच खल झाला आणि त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ निघाला. सुरुवातीला 30,000 रुपये. 1944 साली सुमारे 2 लाखांची सगळी मालमत्ता ट्रस्ट करून संघाला दिली. त्यांच्या नावच्या ग्रंथमालेतूनच आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादलेला ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ बाहेर पडला.

मालेच्या पुस्तकांत आरंभीच ही हकीकत छापलेली आढळते. तिच्यात आधी चौकशी येते, रक्कम नंतर!

सोलापूर, रविवार

ताई,

जीवराजांनी केली तशी पायपीट अमेरिकेत आता अभ्यासक्रमात बसवली आहे. नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात 2000 सालापासून मेयरसन प्रतिष्ठानाच्या मदतीने वर्गाच्या हाती खरे पैसे देतात. मुलं आसपासच्या संस्था शोधतात, त्यांचं काम तपासतात, आपसांत भांडतात आणि शेवटी कोणाला द्यायचं ते ठरवतात. वॉरन बफे यांच्या भगिनी डोरिस यांनीही अशा वर्गांना पैसा पुरवला.

आपल्याकडे 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. दोन वर्षांत 240 तास, सात दिवसांचं शिबिर, घमेली, फावडी. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळं खोदवलं असं सांगणाऱ्या सोलापूरला श्रमदान काय नवं? पण या योजनेत मुलगा घाम गाळतो, निवड करत नाही. दोन चांगल्या संस्थांपैकी एकीला ‘नाही’ म्हणायची पाळी त्याच्यावर येतच नाही, आणि खरी शिकवणी तर तिथेच आहे. पैसे वाटणारा तसा वर्ग आपल्याकडे काढला तर पोरं ओळखीच्या संस्थेला पैसे देतील, अशी शंका निघेल. देतीलही, मोठे तरी काय वेगळं करतात? म्हणून मत देण्याआधी कारण लिहून द्यायची अट हवी.

सोलापूरला असा वर्ग चालवणं सोपं आहे. इथलं विद्यापीठ 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी निघालं. संस्था मंगळवेढ्याची असो की अक्कलकोटची, सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

तू मात्र सोलापूरची वाट बघत बसू नकोस. माजी विद्यार्थ्यांकडून 20,000 रुपये जमव. पोरांना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठव, संस्थांचे तपासलेले हिशेब मागून वाचू दे. आणि प्राचार्यांकडून आधीच कबूल करून घे, की शेवटचा निर्णय वर्गाचा; त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही.

तुझा,
भाऊ