कुंडीतली मेंदी

आमच्या रत्नागिरीकडे मेंदी म्हणजे कुंपण. तिला कुणी पाणी घालत नाही, कुणी विचारत नाही. इथे टोरंटोशेजारी मिसिसॉगात तीच मेंदी आम्ही कुंडीत लावली आहे आणि तान्ह्या मुलासारखी जपतो.

सप्टेंबर सरता सरता रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला, की कुंडी आत घ्यायची. अळूचे कंद, कर्दळीचे गड्डे उकरून खोक्यात ठेवले की मे महिन्यापर्यंत काही मागत नाहीत. मेंदीचे तसे नाही. तिची पाने साबणाच्या पाण्याने धुऊन कीड काढायची, बेसमेंटच्या खिडकीशी ठेवायची आणि पाणी जवळजवळ तोडायचे. दिवस लहान, वाढ थांबलेली. माती ओली राहिली की मुळे कुजतात. आमची रोपे थंडीपेक्षा पाण्यानेच जास्त गेली आहेत.

अम्मींना हे पटेना. "तहानलेल्या जिवाला पाणी नाही म्हणता? अल्लाह बघतो आहे," म्हणत. आम्ही कामाला गेलो की जिना धरून खाली उतरत आणि तांब्याभर पाणी ओतत. जानेवारी २०२४मध्ये सगळी पाने गळाली. आम्ही नको ते बोलून गेलो. दोन दिवस अम्मी आमच्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत.

खरे तर त्यांची घाई ईदसाठी होती. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१६ साली ती जुलैत आली, तेव्हा अंगणातली ताजी पाने वाटून हात रंगले होते. आता ती थंडीकडे चालली आहे आणि त्या वेळी झाडाच्या नुसत्या काड्या असतात. दुकानातला कोन अम्मी घेऊ देत नाहीत. त्यात त्यांचे चूक नाही. काळ्या रंगासाठी काही कोनांत पीपीडी घालतात, त्याने कातडी भाजते.

मार्चमध्ये नखाने साल खरवडली. आत हिरवे होते. कुजकी मुळे कापून कोरड्या मातीत लावले, मेअखेर बाहेर काढले. जूनमध्ये पालवी फुटली. ऑगस्टमध्ये अम्मींनी न सांगता पाने तोडली, सावलीत वाळवली, मिक्सरला दळून मलमलीतून चाळली आणि बरणी भरली. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

२०२५ची ईद मार्चअखेरीस आली. चाँदरातीला बरणीतली मेंदी भिजवली. रंग जरा फिकाच आला.

"ऊन कमी पडलं," अम्मी म्हणाल्या.

पाण्याचा विषय कुणी काढला नाही.