दगडावर वस्तरा

मंडळी, या वयात माणसं तीर्थयात्रेला जातात, नातवंडांना श्लोक शिकवतात. मी मात्र गेले सात महिने रोज सकाळी अर्धा तास मोरीजवळ स्टूल टाकून दगडावर वस्तरा घासत बसतो. हसू नका. घरचे हसून दमले आता.

झालं असं, की गावचं घर आवरताना वडिलांच्या ट्रंकेत त्यांचा वस्तरा सापडला. हस्तिदंती रंगाची मूठ, पात्यावर 'सोलिंगेन' अशी अक्षरं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी पिढ्यान् पिढ्या नावाजलेलं गाव. पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं, थोडा गंज, धार पार गेलेली. वाटलं, एकदा तरी या वस्तऱ्याने दाढी करावी. धार काय, लावू आपण. त्यात काय एवढं?

हे 'त्यात काय एवढं' मला चांगलंच महागात पडलं.

पहिली चूक दगडाची. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा करडा दगड आणला, विळी-कोयत्याला लावतात तो. त्यावर दहा मिनिटं जोर लावून वस्तरा घासला. भिंगातून पाहिलं तर धारेची करवत झालेली! कोयत्याला भरड दाणा चालतो, त्याला लाकूड तोडायचं असतं. वस्तऱ्याला गालावरची लव उतरवायची असते, तीही गाल शाबूत ठेवून.

दुसरी चूक त्याच्या उलट. दगडाला नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, एवढं वाचून समजलं. मग म्हटलं, बारीकच घ्यावा. भाच्याकडून ८००० नंबरचा मागवला. पंधरा दिवस घासला. पातं आरशासारखं चमकायला लागलं, पण दाढीचा एक केस कापेना. ज्याला बाराखडी येत नाही त्याला मी वृत्तं शिकवत होतो, दुसरं काय!

धारेची बाराखडी म्हणजे १००० चा दगड. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. ती रेघ टोकापासून टाचेपर्यंत अखंड जुळवायचं काम या दगडाचं. ते झालं की मनगटावरचे केस उडायला लागतात. तोवर पुढच्या दगडाकडे वळायचंच नाही. मग ४०००, मग ८०००. हे दोघे नवी धार काढत नाहीत, आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून तिला मऊ करतात. काही जण पुढे १२००० पर्यंत जातात. मी ८००० वर थांबलो. तेवढ्यावर दाढी सुखाने होते.

नैसर्गिक दगडांचाही मोह पडला होता. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरात एक पिवळसर दगड मिळतो, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि तेच पोलादाला घासतात. अमेरिकेत आर्कान्साचा, जपानात क्योटोच्या आसपासचे. पण नैसर्गिक दगडाला नंबर नसतो, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. नवशिक्याची धार बिघडली तर दोष दगडाचा की हाताचा, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून माझ्यासारख्याने आधी कारखान्यातले नंबरवाले दगडच घ्यावेत आणि तेही वारंवार बदलू नयेत. हात एका दगडाला ओळखायलाच काही महिने जातात.

आता वापराविषयी. १००० चा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवायचा. ८००० वाल्यावर मी नुसतं पाणी शिंपडतो. दगड सपाट हवा, नवा कोरा असला तरी तो सपाट असेलच असं नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून पाण्यासकट घासायचा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. हे अधूनमधून करावं लागतं, कारण घासून घासून दगडाला मध्ये खोलगा पडतो.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याला नाही! वस्तऱ्याची पाठ जाड असते. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवली की १६ ते १८ अंशांचा कोन आपोआप येतो. पाठ झिजते, धारही झिजते, कोन जवळपास तोच राहतो. ज्याने कोणी हे पहिल्यांदा योजलं असेल त्याला नमस्कार.

आपण फक्त पाठ उचलायची नाही आणि जोर द्यायचा नाही. दगडावर धार पुढे ठेवून, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे ठेवून. पातं उलटवायचं ते नेहमी पाठीवरून, नाहीतर पट्टा कापला जातो (माझा दोन ठिकाणी कापला). दाब पात्याच्या वजनाचा, फार तर बोटांच्या वजनाचा. कुठे टेकतंय नि कुठे नाही हे पाहायला धारेलगत काळ्या मार्करची शाई लावून एकच हात मारायचा. जिथे शाई शिल्लक, तिथे दगड पोचलाच नाही. चौतीस वर्षं वर्गाला धारेवर धरणारा मी, पण माझ्या वस्तऱ्याच्या टोकाची शाई काही केल्या जाईना.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

वडील दाढी स्वतः करत, पण या वस्तऱ्याला धार लावायचे आमचे न्हावी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. रविवारी ओट्यावर येऊन बसत. धोकटीतून फडक्यात गुंडाळलेला काळसर निसणा काढत, वाटीतल्या पाण्याची दोन बोटं त्यावर फिरवत आणि वस्तरा असा हलका चालवत, की आवाज ऐकायला कान द्यावा लागे. शेवटी तळहातावर दोन-चार वेळा. मी एकदा निसणा उचलायला गेलो तर म्हणाले, "बाळ, हात नको लावू. आज्याचा दगड हाय." वर्षाकाठी सुगीला त्यांना धान्याचं बलुतं मिळे. या कामाला विद्या म्हणतात असं मात्र आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

पुढे मी त्याच गावच्या हायस्कुलात लागलो. १९७६ साली तात्यांचा धाकटा माझ्या आठवीच्या वर्गात होता. एक दिवस त्याला समास सांगता येईना. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "अभ्यास कर, नाहीतर जन्मभर दगडावर वस्तरा घासत बसशील." वर्ग हसला. मीही हसलो असेन. दहावीनंतर तो शिकला नाही.

सात महिने मी रोज तेच वाक्य हाताने लिहितो आहे, असं वाटायला लागलं.

गेल्या महिन्यात वस्तरा घेऊन गावी त्याच्या दुकानात गेलो. साठी ओलांडली आहे त्याने. दुकानात सगळे वस्तरे अर्धं ब्लेड घालायचे. एका गिऱ्हाइकाचं ब्लेड दुसऱ्याला वापरत नाहीत आता, आणि तेच बरोबर आहे. मला पाहून उठला. "सर, बसा ना." मी वस्तरा पुढे केला. त्याने तो उजेडात धरला, अंगठ्याचं पेर धारेवर आडवं टेकवलं, रेघ ओढली नाही, नुसतं टेकवलं. म्हणाला, "सर, मधे चांगली आलीय. टोकाला हात उचलता तुम्ही."

मी म्हटलं, "तुला वर्गात मी एकदा बोललो होतो..."

"आठवीत," तो म्हणाला. वस्तरा पुसत राहिला.

"चुकलं माझं ते."

त्यावर तो काही बोलला नाही. "काही नाही सर", "विसरून जा सर" असलं काही म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने मागच्या खणातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. काळसर, मधे किंचित झिजलेला. तात्यांचा निसणा. त्यावर पाण्याची दोन बोटं फिरवली, वस्तरा माझ्या हातात दिला आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाला, "टोक येताना असं तिरकं खाली ओढायचं. सावकाश. दगड ऐकू आला पाहिजे."

मी पाच-सहा हात मारले. मग त्याने वस्तरा परत घेतला. "रोज करा. येईल," म्हणाला. हेच शब्द मी हजारो मुलांना सांगितले असतील. त्याला सांगितले होते का, ते काही केल्या आठवेना.

असो. लांबलं जरा. परवा त्या वस्तऱ्याने पहिली नीट दाढी झाली. हनुवटीखाली एकदा कापलं, टोकानेच. सराव चालू आहे.