गडी आणि बोली

‘लिलाव’ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगिजांकडून आला, असें व्युत्पत्तिकार सांगतात. आमच्या कागल तालुक्यांतला शेतकरी मात्र त्या शब्दाच्या वाटेला फारसा जात नाहीं. त्याचा शब्द ‘सौदा’. कोल्हापूरच्या मार्केट यार्डांत गुळाचे रवे ओळीनें मांडलेले असतात, अडत्या पुकारा करतो, व्यापारी रव्याचा रंग न्याहाळतो, नखानें कपचा काढून जिभेवर ठेवतो आणि आंकडा बोलतो. ज्यानें वर्षभर ऊंस राखला आणि रात्र रात्र चुलाणाशीं बसून तो गूळ केला, तो बाजूला उभा असतो. त्याला मत असतें, पण बोली नसते. हें मीं लहानपणापासून इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, आतां कबड्डीच्या गड्यांचाहि लिलाव होतो व तो दूरचित्रवाणीवर दाखवितात, हें प्रथम ऐकलें तेव्हां मला सुशिक्षित माणसाला शोभेल असा धक्का बसला नाहीं. बाजूला उभा राहणारा तो शेतकरी येथें कोण, एवढेंच कुतूहल वाटलें.

कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं आमच्या भागांतील चांगल्या गड्याच्या महत्त्वाकांक्षेची हद्द ठरलेली असे. मंडळाकडून खेळावें, जिल्ह्याच्या संघांत यावें, जमल्यास महाराष्ट्राची बनियन अंगावर चढवावी आणि रेल्वेंत, पोलिसांत किंवा एअर इंडियांत खेळाडूच्या जागेवर चिकटावें. खेळ हा नोकरीचा जिना होता, आणि माडीवर पोंचलेला मनुष्य जिन्याकडे वळून पाहत नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं हा खेळ बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं जगाला करून दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. परंतु खेळणाऱ्याच्या हातीं खेळाचाच म्हणून पैसा पडूं लागला तो मागाहून, आणि पडूं लागला तो एकदम लाखांनीं.

आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा चढाई करणारा गडी. थोरला भाऊ सूरज हाहि चढाईचाच. २०१८ च्या मे महिन्यांतील लिलावांत सिद्धार्थला यू मुंबा या संघानें ३६ लाख ४० हजारांना घेतलें. लीगमधला त्याचा तो पहिलाच हंगाम, आणि वय सव्वीस पूर्ण. म्हणजे ज्या वयांत पुष्कळ गडी गुडघ्याला पट्टा बांधून मंडळाच्या पोरांना शिकवूं लागतात, त्या वयांत हा प्रथम लोकांच्या दृष्टीस पडला. त्या एका हंगामांत त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण केले. धिप्पाड शरीर आणि तिघाचौघांना ओढीत मध्यरेषेपर्यंत नेण्याची ताकद, यांमुळें प्रेक्षकांनीं त्याला ‘बाहुबली’ म्हणावयास सुरुवात केली. पुढच्याच वर्षीं एप्रिलमध्यें तेलुगु टायटन्सनें त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख मोजले; त्या वर्षींची ती सर्वांत मोठी बोली. सूरजहि त्याच संघांत होता. हुंदळेवाडीच्या एका घरांतले दोन भाऊ हैदराबादच्या एका संघांत, हें वाचून मला एखाद्या जुन्या बखरींतली हकीकत वाचल्यासारखें वाटलें: सरदार बदलला, मुलूख बदलला, भाऊ बरोबरच.

वर्तमानपत्रांत आंकडा येतो. आंकड्याच्या मागचीं दहा वर्षें येत नाहींत, आणि मला, वर्गांत पुढच्या बांकांपेक्षां मागच्या बांकांवर अधिक लक्ष ठेवण्याची संवय असलेल्या मास्तराला, गोडी आहे ती त्या दहा वर्षांची. मुरगूड हें वेदगंगेच्या कांठचें गांव. येथें मान कुस्तीचा. आमच्या कुस्ती-संकुलांत तयार झालेल्या मुली राष्ट्रीय स्पर्धांतून पदकें घेऊन येतात आणि गांव त्यांची मिरवणूक काढतें. कबड्डी ही येथें धाकटी जाऊ. तरीहि संध्याकाळीं मी सर पिराजीराव तलावाकडे फिरावयास निघतों, तेव्हां वाटेंत कोठें ना कोठें चुन्याच्या फक्कीनें आंखलेलें मैदान दिसतें आणि माझा पाय तेथें थांबतो. शेक्सपिअर शिकवून आलेल्या मनुष्याला दम धरून ओरडणाऱ्या पोरांत काय सांपडतें, असें माझे सहकारी विचारतात. मी त्यांना सांगतों कीं, नाट्य.

कॉलेजांतला चढाई करणारा गडी बहुधा एकाच हत्यारावर जगत असतो. कोणाचा हात लांब असतो, कोणाची लाथ अवचित येते, कोणी निदानरेषा ओलांडून बोनसवर पाय टाकण्यांत पटाईत. आंतर-महाविद्यालयीन सामन्यांत तेवढें पुरतें. समोरचे सात गडीहि त्याच्याच वयाचे, तितकेच उतावीळ. परंतु तोच गडी वरच्या स्पर्धेंत गेला कीं कोपऱ्यावरचा अनुभवी पकड करणारा पहिल्या दोन चढायांत त्याला वाचून काढतो. तिसऱ्या चढाईला पाय पुढें पडतो न पडतो तोंच घोटा त्याच्या मुठींत. येथून खरें शिक्षण सुरू होतें. दुसरें हत्यार कमवावें लागतें, आणि ज्या हातानें आजवर गुण दिले तोच हात कांहीं काळ आंखडता घ्यावा लागतो. ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. स्वतःला वाहवा मिळवून देणारी लकब सोडणें किती कठीण असतें, हें कवींना विचारा.

शिवाय माती सुटते. मातीवर पाय घसरतो, आणि घसरतो म्हणूनच वांचतो. मॅटवर बूट रुततो, शरीर वळतें पण गुडघा मागें राहतो. लीगमध्यें चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या कीं तिसरीला गुण आणावा, नाहीं तर बाद व्हावें, असा नियम. आमच्या गांवच्या मैदानावर गडी जीव लांबवून, प्रतिपक्षाची चेष्टा करून, प्रेक्षकांकडे बघून परत येत असे. ती ऐट आतां गेली. मला तिची थोडी हळहळ वाटते. पण हळहळणें हा प्राध्यापकांचा वयानुसार जडणारा रोग आहे, हें जाणून तो विषय येथेंच सोडतों.

अमेरिकेंत बास्केटबॉलची रीत निराळी आहे. तेथें कॉलेज हीच खेळाडूची पेठ. विद्यापीठाच्या संघांत पुढल्या फळीवर खेळणारा पोरगा पहिल्या वर्षीं नुसता उंच असतो, दुसऱ्या वर्षीं त्याला दुरून चेंडू टाकतां येऊं लागतो, तिसऱ्या वर्षीं तो दुसऱ्यासाठीं जागा करावयास शिकतो. आणि हें सर्व पाहणारे, मोजणारे, टिपून ठेवणारे लोक प्रेक्षकांत बसलेले असतात. मग निवडीचा दिवस येतो. १९४७ सालापासून ही निवड चालत आली आहे. तींत बोली नसते, पाळी असते. आणि गतवर्षीं जे संघ मागें पडले त्यांना आधीं निवडण्याची संधि, अशी तिची मूळ कल्पना. खेळाडूनें कोणत्या गांवीं जावें हें तो ठरवीत नाहीं, पाळी ठरवते. आपल्या पंजाबांतील बल्लो के या खेड्याचा सतनाम सिंग २०१५ सालीं या निवडींत ५२ वा निघाला आणि डॅलसच्या संघाकडे गेला. भारतांत जन्मून निवडला गेलेला तो पहिला. परंतु त्या संघाकडून एन. बी. ए.चा एकहि सामना त्याच्या वांट्याला आला नाहीं. निवडलें जाणें आणि खेळावयास मिळणें यांत एवढें अंतर पडूं शकतें.

या दोहोंत मला, खरें सांगावयाचें तर, आपला लिलाव अधिक उघडा वाटतो. माणसाचा सौदा म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण त्याच मंडळींनीं नोकरीच्या मुलाखतींत बंद दाराआड होणारे सौदे निमूटपणें सोसलेले असतात. येथें निदान हात वर होतो तो सर्वांच्या देखत. माझी तक्रार लिलावावर नाहीं. ती त्याच्या आधींच्या रिकामपणावर आहे. अमेरिकेंतल्या पोराला कॉलेज शिष्यवृत्ति देतें, दुखापत झाली तर डॉक्टर देतें. आमच्या पोराला कॉलेज देतें काय? बनियन, प्रवासखर्च आणि स्नेहसंमेलनांत एक ढाल. बाकीचें सारें घरानें द्यावयाचें.

कोल्हापूरला याहून मोठी परंपरा आहे, हें मी विसरत नाहीं. गोळेश्वरचा खाशाबा जाधव राजाराम कॉलेजांत शिकत असतांना घडला. १९४८ सालीं लंडनला तो सहावा आला, आणि १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसे जमेनात, तेव्हां त्याच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक खेळांतील तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्या सात हजारांना मी जेव्हां जेव्हां आठवतों, तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें पदक येत नाहीं. गहाणखतावर सही करणारा प्राचार्यांचा हात येतो. पदक येईल हें त्यांना कोठें ठाऊक होतें?

आणि आंकडा कायमचा नसतो, हेंहि देसाईच्याच उदाहरणानें सांगावें लागतें. पुढें एका हंगामांत आरंभींचे कांहीं सामने झाल्यावर त्याचा खांदा दुखावला आणि तो बाहेर बसला. तरी २०२३ च्या लिलावांत हरियाणा स्टीलर्सनें त्याला एक कोटीला घेतलें व तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२४ सालीं दबंग दिल्लीनें घेतलें तें २६ लाखांना. गडी तोच, चढाईची रीत तीच. गुळाच्या बाजारांत हें चालतेंच. आवक वाढली, रंग उतरला कीं भाव पडतो. पण रव्याला आपला कालचा भाव आठवत नाहीं.

हें सारें मी इतक्या तपशिलानें सांगत आहें, त्याला कारण माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतला एक विद्यार्थी आहे. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. डाव्या बाजूनें चढाई करतो, वर्गांत उजव्या कोपऱ्यांत बसतो आणि निबंधांत स्वल्पविराम मुळींच घालीत नाहीं, जणूं एका दमांत सांगून परत यावयाचें आहे. गेल्या वर्षीं त्याचे वडील मला बाजारांत भेटले. तीस गुंठे ऊंस, दोन म्हशी. पिशवी खालीं ठेवून ते म्हणाले, “सर, तेवढं पोराला सांगा की. कबड्डीनं पोट भरतंय व्हय? पोलीस भरतीचा अभ्यास कर म्हणा.” मीं बोलतों म्हटलें. तो बाप चुकीचें बोलत होता असें मला वाटलें नाहीं. लिलावांत नांव पुकारलें जाणारे गडी कांहीं शें, विकले जाणारे त्याहून थोडे, आणि मैदानांत उतरणारे त्यांतलेहि निम्मे. हा हिशेब तीस गुंठ्यांच्या धन्याला कोणी शिकवावा लागत नाहीं.

पोराला मीं बोलावून घेतलें. त्यानें सगळें ऐकून घेतलें आणि पुण्याला एका संघाची नव्या पोरांसाठीं निवड-चांचणी आहे, तिचा अर्ज माझ्यापुढें ठेवला. जन्मतारीख, उंची, वजन, चढाई कीं पकड, कोणती बाजू, यापूर्वींच्या दुखापती. एवढ्या रकान्यांत एक मनुष्य मावतो, याचें मला नवल वाटलें. आमच्या प्रवेश-अर्जांत तेवढेहि नसतात. महाविद्यालयाचा दाखला हवा होता. तो मीं त्याच दिवशीं काढून दिला. भरतीच्या अभ्यासाचें काय, असें विचारलें, तर म्हणाला, “तोबी चाललाय सर. सकाळी पळतोय ते दोन्हीलाबी चालतंय.” या उत्तरावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

चांचणीहून तो चौथ्या दिवशीं परत आला. ओठ फुटलेला, चालणें किंचित् लंगडें, पण डोळे स्वच्छ. दोनशें पोरें आलीं होतीं. दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशीं गळला. “वजन कमी पडतंय म्हणाले सर. पायाचं काम बरं हाय, चार किलो वाढवून पुढल्या साली ये म्हणाले.” पुढल्या वर्षीं ये, हें ते किती जणांना म्हणत असतील, असा माझ्या मनांत आलेला प्रश्न मीं मनांतच ठेवला.

त्यानंतर महिन्याभरानें मी सकाळीं डेअरीवरून जात होतों. त्याचे वडील दूध घालावयास आले होते. किटलींतलें दूध मापून झालें, फॅट लागलें, पावती हातीं आली. संस्थेचा लिहिणारा म्हणाला, “काय मामा, आठवडा झाला, लिटरभर कमीच येतंय. म्हस आटली का काय?”

“न्हाई,” ते म्हणाले, “घरातच लागतंय.” आणि पावती घडी करून त्यांनीं टोपींत ठेवली.