मास्तरचा विचार कुठं दिसतो?

मास्तर कोणत्या विचाराचा, ते त्याच्या भाषणावरून कळत नाही. तो प्रश्न कुणाला विचारतो आणि कुणाच्या उत्तरासाठी थांबतो, त्यावरून कळतं.

आमच्या शाळेत एक गुर्जी होते. पंधरा ऑगस्टला समतेवर तासभर बोलायचे. आवाज खणखणीत. वर्गात मात्र गणित पुढच्या दोन बाकांना. आम्हा वस्तीतल्या पोरांना म्हणायचे, "तुम्ही उतरून घ्या रे, पासापुरतं बास." माणूस दुष्ट नव्हता. छडीही फारशी उगारत नसे. पण बुद्धी जातीबरोबर वाटून येते, हे आत पक्कं बसलेलं. म्हणून आमच्यासाठी शिकवायची रीत एकच : उतरून घ्या. ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही, त्याच्या फक्त हाताला काम!

दुसरे मास्तर अबोल. चुकलेलं गणित फळ्यावर मांडायला लावायचे नि विचारायचे, "आता सांग, असं का केलंस?" वर्ग हसला तर वर्गाला गप्प करायचे, मला नाही. माझी माय खुरपणीची मजुरी बोटांच्या पेरांवर मोजायची. मी तसंच मोजून दाखवलं. ते म्हणाले, "हीपण रीतच आहे." माझं घर तेव्हा पहिल्यांदा शाळेत शिरलं.

जोतीरावांनी हे कधीच ओळखलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी मागणी केली, प्राथमिक शाळांचे मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करा. ते पोरांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. मास्तर कुठून येतो, यावर तो कसं शिकवतो हे ठरतं, असा त्याचा अर्थ. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांचं दुःख मांडत त्या पोरीनं धर्मालाच सवाल केला. नुसतं उतरून घेणाऱ्या वर्गातून असा निबंध येत नाही. बाबासाहेब कोलंबियात जॉन ड्युईंपाशी शिकले. ड्युईंच्या लेखी लोकशाही म्हणजे नुसतं सरकार नव्हे, एकत्र जगायची रीत. मग ती वर्गातही दिसायला नको?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली. बरं झालं. पण 'पासापुरतं बास' कोणत्या कलमात पकडणार? आता प्रशिक्षणात ज्ञानरचनावाद आलाय. ज्ञान पोरानं रचायचं, आणि मास्तरनं तो शब्द तेवढा घोकायचा!

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या मास्तर होतील. काही आजच वस्तीत अभ्यासवर्ग घेतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून वर्ग बाबासाहेबांचा होत नाही. मागं बसलेली एखादी पोरगी उठून म्हणेल, "सर, मला हे पटत नाही." तिला "खाली बस" म्हणालात, तर भिंतीवरचा फोटो खुशाल उतरवून ठेवा. "का पटत नाही?" म्हणालात, तर शिकवणं तिथून सुरू झालं.