एका दिवसाचा पाठ

एखादा रूपबंध कलावंताच्या प्रतिभेतून जन्मतो असे मानण्याची समीक्षेला सवय आहे. तो कामगार संघटनेच्या अटीतूनही जन्मू शकतो, ही गोष्ट मात्र तिच्या सहसा पचनी पडत नाही. बी.बी.सी.च्या 'रेडिओ वन' या वाहिनीवर १९६७ पासून २००४ पर्यंत जॉन पील या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी जी खास ध्वनिमुद्रणे झाली आणि जी 'पील सेशन्स' या नावाने ओळखली जातात, त्यांचा उगम असाच आहे. मुद्रिका अखंड वाजू लागल्या तर वादकांच्या पोटावर पाय येईल, या भीतीपोटी ब्रिटनमधील वादकांची संघटना आणि मुद्रिका-कंपन्यांची हक्कसंस्था यांनी नभोवाणीवर मुद्रिका वाजविण्याच्या तासांना मर्यादा घातली होती. या मर्यादेला 'नीडल टाइम' म्हणत. उरलेला वेळ भरावयाचा तर वादकांना बोलावून, मानधन देऊन, त्यांच्याकडून वाजवून घेणे प्राप्त होते. सौंदर्यविचाराचा लवलेशही नसलेल्या या तडजोडीतून चार हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणांचा संचय उभा राहिला.

त्यांपैकी बहुसंख्य ध्वनिमुद्रणे लंडनच्या मेडा व्हेल येथील स्टुडिओत झाली. १९०९ मध्ये रोलर स्केटिंगसाठी बांधलेली ही वास्तू बी.बी.सी.ने १९३४ मध्ये आपल्या वापरात आणली. रीत ठरून गेलेली होती : बँडने सकाळी वाद्ये घेऊन यावे, सहसा चार गाणी मुद्रित करावीत आणि रात्रीपर्यंत ध्वनिमिश्रण संपवून बाहेर पडावे. मैफलीची घाई आणि मुद्रिकेची पुनरावृत्तिक्षमता यांचा येथे संयोग होत असे. संगीतरचनेची एकच प्रमाण संहिता असते आणि ती मुद्रिकेवर असते, या बाजाराने रूढ केलेल्या समजुतीला या एका दिवसाच्या पाठाने धक्का दिला.

याचे एक बोलके उदाहरण 'द स्लिट्स' या बँडचे आहे. या तरुणींचे पहिले पील सेशन १९७७ मधले, तर 'कट' हा त्यांचा पहिला संग्रह १९७९ मधला. मधल्या काळात तालवादिका पामोलिव्ह हिने बँड सोडला. संग्रहावर बजी या वादकाचे ड्रम आहेत आणि निर्मिती रेगे-संगीतात मुरलेल्या डेनिस बोव्हेल यांची आहे. १९७७ च्या पाठात लय धसमुसळी आहे, आवाज एकमेकांवर आदळतात. १९७९ च्या पाठात रिकाम्या जागा योजलेल्या आहेत. पहिल्याला दुसऱ्याचा कच्चा खर्डा ठरविणे सोपे आहे. परंतु ज्या बँडने तो पाठ निर्माण केला तो बँड संग्रह निघेपर्यंत उरलेलाच नव्हता. नष्ट झालेल्या एका समूहाची ती पूर्ण कृती आहे. हस्तलिखितांतील पाठभेदांना अशुद्धी न मानता त्या त्या परंपरेची साक्ष मानावयास पाठचिकित्सेने शिकविले; तीच दृष्टी येथे आवश्यक ठरते.

या संचयाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची संमिश्रता. रॉक्सी म्युझिकने जानेवारी १९७२ मध्ये सेशन मुद्रित केले तेव्हा त्यांचा पहिला संग्रह निघावयाचा होता. साउथॉलचा 'मिस्टी इन रूट्स' हा रेगे बँड, झिम्बाब्वेचे भुंडू बॉईज, काही सेकंदांत संपणारी गाणी गर्जणारा 'नेपाम डेथ' आणि एकूण चोवीस सेशन्स करणारा मँचेस्टरचा 'द फॉल' : हे सारे एकाच कार्यक्रमाच्या छत्राखाली आले. एका गाण्याने श्रोत्याच्या मनात जी अपेक्षा निर्माण करावी, ती पुढच्या गाण्याने मोडावी, अशी ही मांडणी होती. येथे श्रोत्याला निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. आपण न निवडलेल्या संगीतासमोर काही मिनिटे बसून राहणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आणि रुचीचे शिक्षण होत असेल तर ते या मिनिटांतच होते.

ते कितपत झाले? या प्रश्नाचे उत्तर कार्यक्रमाच्याच एका प्रथेत सापडते. १९७६ पासून पील यांनी श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गाण्यांची वार्षिक यादी, 'फेस्टिव्ह फिफ्टी', प्रसारित करण्यास सुरुवात केली. पहिल्याच यादीत लेड झेपेलिनचे गाणे अग्रस्थानी होते. पुढे नावे पालटली, पंक आले, त्यानंतरची पिढी आली. परंतु वर्षभर रेगे, आफ्रिकी संगीत आणि हिप-हॉप ऐकविले गेल्यानंतरही यादीवर वर्चस्व राहिले ते प्रामुख्याने गोऱ्या तरुणांच्या गिटारप्रधान बँडचे. पील यांनी आपली नाराजी लपविली नाही. प्रक्षेपण बहुकेंद्री होते; ग्रहण मात्र स्वतःचे केंद्र घट्ट धरून बसले होते. प्रस्थापिताला विरोध करणारा वाचकवर्गही आपल्यापुरते एक प्रस्थापित उभारतो, हे साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

संपादकाच्या सत्तेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. कोणाला बोलवावयाचे हे अखेरीस पील आणि त्यांचे निर्माते यांच्या रुचीवर अवलंबून होते. ज्यांना बोलावणे आले नाही त्यांचा मागमूस या संचयात नाही, आणि जे आले त्यांच्याही अनेक आरंभीच्या फिती बी.बी.सी.ने पुसून पुन्हा वापरल्या. यांतील काही सेशन्स आज उपलब्ध आहेत ती श्रोत्यांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. म्हणजे संस्थेने जे टाकाऊ मानले ते ग्राहकाने जपले. ज्या श्रोत्याची रुची वार्षिक यादीत संकुचित दिसते, तोच येथे संग्राहक ठरतो. त्याच्याविषयी एकच एक निवाडा देणे म्हणूनच कठीण होते.

१९८६ पासून 'स्ट्रेंज फ्रूट' या कंपनीने ही सेशन्स विक्रीसाठी काढली आणि एका दिवसाचा पाठ मुद्रिकेच्या प्रतिष्ठेला पोहोचला. १९८८ च्या सुमारास 'नीडल टाइम'ची मर्यादाही संपुष्टात आली. ज्या सक्तीने हा रूपबंध घडविला ती उरली नाही, तरी सेशन्स चालूच राहिली. त्यांची सौंदर्यमूलक गरज तोवर सिद्ध झाली होती. २५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरू देशातील कुस्को येथे पील यांचे निधन झाले, आणि २०२३ मध्ये बी.बी.सी.ने मेडा व्हेलची वास्तू विकली.

आज श्रोत्याच्या पूर्वीच्या आवडीवरून त्याला पुढचे गाणे सुचविणारी यंत्रणा सर्वत्र आहे. तिच्याजवळ पील यांच्याहून कितीतरी मोठा संचय आहे, आणि त्यात भुंडू बॉईजही आहेत. मात्र ते ज्याच्या कानी पडतील तो श्रोता बहुधा आधीच त्यांच्या दिशेने निघालेला असेल. ज्याला त्यांचे नावही ठाऊक नाही, जो दुसऱ्याच कोणत्या बँडची वाट पाहत रात्री उशिरा जागा राहिला आहे, तो श्रोता या व्यवस्थेत गृहीतच धरलेला नाही. मेडा व्हेलमधील चार गाणी मुळात त्याच्यासाठी मुद्रित होत होती.