भेटीला जागा हवी

कधीकाळी एकमेकांवर जीव असलेली दोन माणसं वर्षांनंतर समोरासमोर येतात, असा प्रवेश लिहायला घेतला की मी आधी जागा शोधते. संवाद मागाहून सुचतात. तासभर कुणी हटकणार नाही अशी जागा मिळाल्याशिवाय ती दोघं बोलणारच नाहीत, आणि साक्रीत राहून एकांकिका लिहिताना नेमकी तीच सापडत नाही.

गुलजार यांनी ‘इजाजत’मध्ये (१९८७) विभक्त झालेल्या नवरा-बायकोला पावसाळी रात्री रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये आणलं. आमच्या साक्रीला रेल्वेच नाही. आहे ते एसटी स्टँड, आणि तिथे पिंपळनेरची गाडी लागेपर्यंत बाकावर बसलेल्या बाईला दोघं-चौघं तरी ‘कुठे निघाली?’ विचारून जातात.

ऋतुपर्ण घोष यांचा ‘रेनकोट’ (२००४) मला याबाबतीत सगळ्यात जास्त शिकवून गेला. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा सिनेमा बराचसा एकाच घरात घडतो. भागलपूरचा मनोज नोकरी गमावून कोलकात्यात जुन्या मित्रांकडे पैसे मागायला आला आहे. तिथे नीरू राहते, जिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. भर पावसात, मित्राच्या बायकोचा रेनकोट अंगावर चढवून तो तिच्या घरी जातो. खिडक्या बंद, आत अंधार, जुन्या फर्निचरची दाटी. ती नवऱ्याची श्रीमंती आणि नोकरचाकर सांगते, तो टीव्ही मालिकांच्या धंद्याच्या गोष्टी सांगतो. दोन्ही खोटं. अजय देवगण आणि ऐश्वर्या राय हे खोटं इतकं सांभाळून बोलतात की त्यामागची माया ऐकू येते. माझी काळजी करू नकोस, एवढंच दोघांना सांगायचं आहे.

लिहिणारीने बारकाईने पाहावी अशी खरी करामत पुढे आहे. पाहुणा घरात आणि त्याच्यापुढे ठेवायला काही नाही, म्हणून नीरू त्याचाच रेनकोट घालून खायला आणायला बाहेर पडते. तिच्या पाठीमागे घरमालक येतो आणि थकलेल्या भाड्यापासून सगळी खरी परिस्थिती मनोजला सांगून टाकतो. तिकडे रेनकोटच्या खिशातल्या कागदावरून नीरूला मनोजची कहाणी कळते. म्हणजे एकाच पावसात, वेगवेगळ्या ठिकाणी, दोघांना एकमेकांचं खरं कळतं आणि ते पुन्हा भेटतात तेव्हा दोघंही आपापलं खोटं तसंच पुढे चालवतात. जमवलेले पैसे मनोजने घरमालकाच्या हातावर ठेवलेले असतात. नीरूने आपले दागिने रेनकोटच्या खिशात. ओ. हेन्रीच्या एका प्रसिद्ध कथेवरून सुचलेली ही रचना आहे, पण घोष यांनी तिच्यात घातलेलं आतिथ्य आपल्याकडचं आहे. पाहुणा उपाशी जाऊ नये, या एका धडपडीवर सगळं कथानक वळतं.

आता हेच साक्रीत कसं घडेल? आमच्याकडे अशा भेटीचा दिवस ठरलेला आहे, आखाजीचा. अक्षय्यतृतीयेला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. गौराई मांडतात, निंबाला झोके बांधतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस होतो. तरुणपणी जिच्यासाठी जीव टाकला ती त्या दिवसांत हमखास गल्लीत दिसते, पण सगळ्या गावादेखत. बंद खिडक्या नाहीत, पाऊस नाही, वैशाखाचं ऊन आहे.

माझ्या एकांकिकेत मी हीच अडचण जागा म्हणून वापरली. झोक्यापाशी बायकांचा गलका आहे, त्यामुळे दोघांचं बोलणं कुणाला नीट ऐकू जात नाही, मात्र दिसतं सगळ्यांना. म्हणून बोलणं जेवढ्यास तेवढं. ‘कसं शे?’ ‘बरं शे.’ तिचं पोर विचारतं, हा कोण? माहेरच्या गावातल्या पुरुषाची ओळख ती एकाच पद्धतीने करून देऊ शकते. ती म्हणते, ‘मामा शे तुन्हा.’ त्याच्या चेहऱ्याकडे ती त्या वेळी पाहत नाही, ही सूचना मी संहितेत लिहून ठेवली आहे. मग ते पोर नव्या मामाला अभिमानाने सांगतं, ‘मन्ही शाळा आते आठेच शे.’ तिचं ‘बरं शे’ तिथे उघडं पडतं. ती सणाला आलेली नाही, कायमची आली आहे.

घोष यांच्या घरमालकाचं काम माझ्याकडे हे पोर करतं. खरं कळल्यावर तो तिला काहीच विचारत नाही. शाळा उघडायच्या आधी दप्तर, वह्या, बूट घेऊन तिच्या ओट्यावर येतो आणि घरच्यांसमोर, उजळ माथ्याने पोराच्या हातात देतो. मामाने भाच्याला काही घेतलं तर गाव बोट दाखवत नाही. ज्या नात्याने तिने त्याला दूर ठेवलं, त्याच नात्याने त्याला द्यायचा हक्क मिळाला.

लेखनाला बसणाऱ्या नव्या मुलामुलींना मी म्हणूनच सांगते, अशा भेटीत जुनं प्रेम पात्रांच्या तोंडून वदवू नका. आज ते एकमेकांना काय देऊ शकतात आणि गाव कोणत्या नात्याने ते देऊ देईल, एवढं शोधा. ते सापडलं की प्रवेश उभा राहतो, मग तो कोलकात्यातल्या बंद घरात असो की साक्रीच्या भर उन्हात.