बहात्तर तासांतली बातमी

छापून आली की बातमी पक्की, अशी माझी अनेक वर्षांची श्रद्धा होती. धाराशिवच्या जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर असताना मोबाइलवरची बातमी मला घाईची वाटायची. वृत्तपत्रातूनच आलेल्या सुनील ढेपे यांचे ‘उस्मानाबाद लाइव्ह’, म्हणजे आजचे ‘धाराशिव लाइव्ह’, हे बातम्यांचे पोर्टल लोक वाचू लागले, तरी पत्रकारितेचे खरे घर कागदच, असे मी म्हणत राहिलो. आज मी डिजिटलमध्ये आहे, आणि मनापासून आहे.

अनेकांना वाटते, २०२० च्या टाळेबंदीने मला वळवले. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक वाटायला बंदी केली, तो काळ कठीण होता खरा. पण माझे मत फिरवले ते पावसाने.

शेतात पाणी साचून पीक गेले, तर पीकविम्यासाठी ७२ तासांत पूर्वसूचना देण्याची अट होती. आता अंकाचा हिशेब पाहा. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती लवकर छापून सुटायची, त्यामुळे रात्रीची बातमी तिच्यात येत नसे. सोमवारी रात्री परंड्यात ढग फुटले, तर मंगळवारी माहिती गोळा होणार आणि बुधवारी सकाळी ती छापून येणार. अंक हाती पडेपर्यंत जवळजवळ निम्मी मुदत गेलेली. शिवाय २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि हे ठरते महसूल मंडळाच्या आकड्यावरून. आठही तालुक्यांची सगळी मंडळे छापायला पानात जागा नसे. ऐनवेळी जाहिरात आली की आधी तो तक्ता उडायचा आणि उरायची जिल्ह्याची सरासरी. भूम तालुक्यातल्या ईटच्या शेतकऱ्याने त्या सरासरीचे काय करायचे?

मोबाइलवर सगळी मंडळे मावतात, तीही त्याच सकाळी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात भूम-परंड्याची गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हा कोणता रस्ता बंद आहे हे उद्याच्या अंकात सांगणे कुणाच्याच कामाचे नव्हते. एक शिस्त मात्र मी कागदाकडून घेऊन आलो: दोन ठिकाणी खात्री होईपर्यंत बातमी सोडायची नाही, मग शेजारच्या पोर्टलने ती आधी टाकली तरी चालेल.

एक काळजी मात्र जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर, किल्लारीहून आलेल्या बातम्या जुन्या अंकांच्या बांधीव फायलींत आजही वाचता येतात. संकेतस्थळाचे वार्षिक पैसे थकले, की तिथल्या बातम्या दिसेनाशा होतात. जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी स्थानिक पोर्टलच्या बातम्या जतन करायला घ्याव्यात. आमच्याकडचे सगळे जुने साहित्य मी त्यांना विनामूल्य द्यायला तयार आहे.